विशेष शिक्षक व्हायचंय? पुण्यात राहून सुरुवात कशी कराल

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की विशेष शिक्षणाबद्दल विचारणा सुरू होते. विचारणाऱ्यांत नुकती बारावी झालेली मुलगी असते. आपल्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर 'आता हे नीट शिकूनच घेते' म्हणणारी आई असते. काही वर्षं इंग्रजी शाळेत शिकवून झालेली बी.एड. शिक्षिका असते, आणि हल्ली हिंजवडीची नोकरी सोडून या क्षेत्रात यायचं म्हणणारेही भेटतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: कोर्स कोणता करू?

कोर्सचं नंतर पाहू. आधी एखाद्या विशेष शाळेच्या वर्गात जाऊन बसा. एकदा नाही, काही आठवडे सलग. हे मी आग्रहाने सांगते, कारण या कामात सर्वांत आधी मुलाकडे बघायला शिकावं लागतं, आणि ते आपल्याला जमेल का, आवडेल का, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. नुसत्या दयेपोटी आलेली माणसं लवकर थकतात. उलट 'मला फारसं बोलता येत नाही, माझं कसं होणार' म्हणणारी एखादी मुलगी वर्गात इतकी रमते की मुलं सुट्टीतही तिला सोडत नाहीत.

आधी वर्ग पाहा

पुण्यात यासाठी जागांची वानवा नाही. गोखलेनगरला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कामायनी आहे. 'पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड' ही १९३४ पासूनची संस्था. तिची मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आणि मुलींची कोथरूडला. टिळक रस्त्यावर रुईया मूकबधिर विद्यालय आहे. गणेशखिंडीत राजभवनाजवळ बाल कल्याण संस्था आहे. तिथे शहरातल्या वेगवेगळ्या विशेष शाळांची मुलं खेळ, संगीत, कला यांसाठी येतात, त्यामुळे एकाच आवारात निरनिराळ्या गरजा असलेली मुलं पाहायला मिळतात. अठरा वर्षांपुढच्या अंध विद्यार्थ्यांसाठी निवांत अंध मुक्त विकासालय काम करतं.

शाळेच्या दारात थेट जाऊन उभं राहू नका. मुख्याध्यापकांच्या नावे साधं पत्र द्या: मी कोण, काय शिकलेय, आठवड्यातले कोणते वार आणि किती वेळ येऊ शकेन, किती महिने येईन. सोबत आधार कार्डाची प्रत जोडा. काही शाळा पोलीस पडताळणी मागतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते हवंच. परवानगी मिळाली की ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी हजर राहा. या मुलांपैकी अनेकांचं मन रोजच्या ठरावीक क्रमावर स्थिर असतं. 'मंगळवारची ताई' आली नाही की त्यांचा अख्खा दिवस बिघडू शकतो.

वर्गात बसल्यावर मदतीला धावू नका. पाहा. ताई मुलाच्या समोर बसते की शेजारी? प्रश्न विचारल्यावर ती किती वेळ थांबते? नवख्या माणसाला तीन सेकंदांची शांतता सहन होत नाही. तो प्रश्न पुन्हा विचारतो, मग शब्द बदलून विचारतो, मग उत्तरच सांगून टाकतो. जाणती शिक्षिका एकदा विचारते आणि थांबते. मनात दहा-पंधरा आकडे मोजता येतील इतका वेळ थांबते, आणि तेवढ्यात मुलाचा हात हळूच योग्य चित्राकडे सरकतो. हा थांबण्याचा भाग तुम्हाला कंटाळवाणा वाटला तर तसं स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करा. तो पाहताना तुमचा श्वास रोखला गेला, तर पुढचं वाचा.

आणि हो, मोबाइल पिशवीतच राहू द्या. मुलांचे फोटो स्टेटसला ठेवणं अजिबात नको, कितीही गोड प्रसंग असला तरी.

कोणत्या मुलांसोबत काम करायचं?

विशेष शिक्षणाच्या कोर्सला प्रवेश घेताना एक शाखा निवडावी लागते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, ऑटिझम, बहुविकलांगता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. कोर्समध्ये सगळ्यांची तोंडओळख होते, पण हात बसतो तो एकाच शाखेत. पुढे नोकरीची जाहिरातही बऱ्याचदा शाखेनुसारच निघते. म्हणून 'जिथे जागा मिळेल तिथे घेऊ' असं करू नका. त्यासाठीच आधी वर्ग पाहायला सांगितलं.

प्रत्येक शाखेचं रोजचं काम अगदी वेगळं आहे.

दृष्टिदोष शाखेत तुम्हाला स्वतःला ब्रेल यावं लागतं, डोळ्यांनी वाचण्यापुरतं नव्हे तर लिहिण्याइतकं. ब्रेल पाटीत कागद अडकवून स्टायलसने टिंबं टोचायची असतात, आणि टिंबं उमटतात कागदाच्या मागच्या बाजूला. त्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलट्या बाजूने. कागद पालटला की ते डावीकडून उजवीकडे वाचता येतं. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, 'कमल' लिहायला तीनच घरं (टिंबांचे चौकोन) लागतात. 'कि' लिहिताना आधी क आणि नंतर इ येते, म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने. छापील देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची सवय असलेल्या हाताला हे सुरुवातीला चुकवतं. रोज अर्धा तास टोचत बसलात तर काही आठवड्यांत हात वळतो. याशिवाय गणितासाठी टेलर फ्रेम (आकडे मांडायची चौकट) आणि अबॅकस, पांढऱ्या काठीने चालण्याचं प्रशिक्षण, आणि आता पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. पुण्याच्या पदपथांवरून काठी घेऊन चालायला शिकवणं म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून, सोबतीला कुणीतरी घेऊन, चालून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. कोर्समध्ये ते करायला लावतात.

श्रवणदोष शाखेत सकाळ सुरू होते श्रवणयंत्रांच्या तपासणीने. बॅटरी आहे का, साचा कानात नीट बसला आहे का, आवाज येतोय का. मग शिक्षिका मुलाला तोंड दिसणार नाही अशा बेताने सहा आवाज काढते: म, ऊ, आ, ई, श, स. मुलाने ऐकू आलं की मणी टाकायचा किंवा आवाज परत म्हणून दाखवायचा. बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज या सहांत येतात. काल ऐकू येणारा 'स' आज येत नसेल, तर यंत्रात किंवा कानात काहीतरी बिघडलंय, आणि धडा सुरू करण्याआधी ते शोधायला हवं. या शाखेत यायचं तर भारतीय सांकेतिक भाषाही शिका, अगदी तुमच्या महाविद्यालयाचा भर बोलण्यावर असला तरी. मुलं एकमेकांशी ज्या भाषेत गप्पा मारतात ती शिक्षिकेला येत नसेल, तर मधल्या सुट्टीत ती परकीच राहते.

बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात वाचन-लेखन असतंच, पण सोबत दात घासणं, डबा उघडणं, रस्ता ओलांडणं, नोट ओळखणं हाही अभ्यासक्रमच असतो. ऑटिझमच्या वर्गात दिवसाचं चित्रवेळापत्रक भिंतीवर असतं, आवाज आणि उजेड यांचा विचार असतो, आणि न बोलणाऱ्या मुलाला चित्रं देऊन मागणी करायला शिकवणं असतं. अध्ययन अक्षमतेचं काम बहुधा नेहमीच्या शाळेतच चालतं. तिथली मुलं हुशार असतात, पण वाचन, लेखन किंवा गणित यांत अडतात, आणि 'आळशी आहे' हा शिक्का घेऊन वर्षानुवर्षं बसलेली असतात. तो शिक्का पुसणं हे तुमचं निम्मं काम.

कोर्स आणि मान्यता

इथे मुद्दा सोपा आहे, पण फसवणूकही इथेच होते. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी वैधानिक संस्था म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, जिला सगळे आरसीआय म्हणतात. तिचा कायदा १९९२चा. शिक्षण पूर्ण झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं. नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केल्यास कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे 'तीन महिन्यांत विशेष शिक्षक व्हा' छापाची प्रमाणपत्रं घेऊन विशेष शिक्षक होता येत नाही. माहिती मिळवायला, पालक म्हणून समजून घ्यायला असे वर्ग जरूर करा. पदवी समजून पैसे भरू नका.

मुख्य वाटा दोन.

बारावीनंतर विशेष शिक्षणातली पदविका, म्हणजे डी.एड. स्पेशल. दोन वर्षांची, बारावीला कुठल्याही शाखेत ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते. तिच्या परीक्षा पुनर्वास परिषदेच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळामार्फत होतात. लहान मुलांच्या वर्गांसाठी ही पदविका पक्की असते, आणि माझ्या मते सुरुवात करायला हीच सर्वांत चांगली, कारण तिच्यात मुलांसोबतचे तास भरपूर असतात.

पदवीनंतर बी.एड. स्पेशल. हेही दोन वर्षांचं, पदवीला ५० टक्के. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची बी.एड. परीक्षा असते, जी साध्या आणि विशेष अशा दोन्ही बी.एड.साठी घेतली जाते. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीलाच निघतात, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच लक्ष ठेवा. निकालानंतर जागे झालात तर वर्ष हातचं जातं. मुंबईला जायची तयारी असेल तर एसएनडीटी विद्यापीठाचा जुहूचा विशेष शिक्षण विभाग आणि वांद्र्याची श्रवणदोषासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही नावं पाहा. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे.

कॉलेज ठरवण्याआधी पुढच्या गोष्टी स्वतः तपासा. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तीत त्या संस्थेचं नाव, तुम्हाला हवी ती शाखा आणि तुम्ही प्रवेश घेताय तेच शैक्षणिक वर्ष, हे तिन्ही जुळलं पाहिजे. मान्यता शाखेगणिक आणि मुदतीची असते. कार्यालयात 'नूतनीकरण होतंय, येईलच' असं सांगितलं, तर लेखी मागा. दुसरं, सरावासाठी शाळा कुठली? संस्थेची स्वतःची शाळा त्याच आवारात असेल तर फार मोठा फायदा. तिसरं, शिकवणारे प्राध्यापक स्वतः नोंदणीकृत आहेत का. हे तिन्ही प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला, तर त्यातच उत्तर आलं.

पुस्तकं बरीचशी इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातल्या मुलींना पहिल्या सत्रात याचं दडपण येतं. चार-पाच जणींनी मिळून एकेक प्रकरण वाटून घ्यावं, मराठीत टिपणं काढावीत आणि एकमेकींना शिकवावं. हा जुना आणि हमखास उपाय आहे.

दोन वर्षांत खरं काय शिकायचं

पाठटाचणं, केस स्टडी, शैक्षणिक साहित्य, जर्नल, प्रात्यक्षिकांच्या फायली. कामाचा डोंगर असतो, आणि त्यात रात्री जागून पुठ्ठे कापणाऱ्या मुलींचा खरा अभ्यास मागे पडतो. परीक्षेतल्या गुणांसाठी साहित्य देखणं करा, हरकत नाही. पण तीन कौशल्यं अशी आहेत की ती नीट आली तर बाकीचं मागोमाग येतं.

पहिलं, दिसलं तेच लिहिणं. 'विराज हट्टी आहे' हे निरीक्षण नव्हे. 'सव्वादहा वाजता चित्रकलेचे रंग आवरायला सांगितले. विराजने डबी छातीशी धरली, दोनदा नाही म्हणाला, मग टेबलाखाली जाऊन बसला. चार मिनिटांनी दुसरं पान दाखवल्यावर बाहेर आला.' हे निरीक्षण. यातून काहीतरी करता येतं. काय घडण्याआधी वागणूक आली, वागणूक नेमकी कशी होती, आणि नंतर त्याला काय मिळालं, हे तीन रकाने आठवडाभर भरा. मग दिसेल की विराजला रंग आवडतात एवढंच कारण नाही. काम अचानक थांबलं की त्याला त्रास होतो. दुसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटं आधी वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलं, की टेबलाखाली जाणं कमी होऊ लागतं. मुलाचं बिघडलेलं वागणं हे बहुतेक वेळा त्याचं बोलणंच असतं, हे मनात कोरून ठेवा.

दुसरं, कामाचे तुकडे पाडणं. कोर्समध्ये त्याला कार्यविश्लेषण म्हणतात. शर्टाचं बटण लावायला आपल्याला एक सेकंद लागतो, म्हणून ते एकच काम वाटतं. हळू लावून पाहा: एका हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत बटणाची कड धरायची, दुसऱ्या हाताने काजाची बाजू धरायची, बटण काजापर्यंत आणायचं, कड काजात ढकलायची, अर्धं बटण पलीकडे दिसलं की दुसऱ्या हाताने ते पकडायचं, पहिल्या हाताने काजाची कड ओढायची, आणि बटण पूर्ण बाहेर काढायचं. झाले सात टप्पे. आता शेवटून सुरुवात करा. पहिले सहा टप्पे तुम्ही करा आणि शेवटचा, बटण बाहेर काढण्याचा, तेवढा मुलाला करू द्या. बटण लागतं, तेही त्याच्या हाताने. ते जमलं की शेवटचे दोन, मग तीन. प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो, म्हणून ही उलटी साखळी इतकी उपयोगी पडते. सराव मोठं बटण आणि सैल काज असलेल्या कापडावर सुरू करा, आणि कापड मुलाच्या अंगावरच असू द्या. टेबलावरच्या फळीवर जमलेलं बटण अंगावरच्या शर्टाला जमेलच असं नाही.

मदतही ठरवून द्यायची आणि ठरवून काढून घ्यायची असते. आधी हात धरून, मग कोपराला नुसता स्पर्श करून, मग खूण करून, मग फक्त शब्दाने, मग काहीच नाही. मदत देणं सगळ्यांना जमतं. काढून घेणं शिकावं लागतं.

तिसरं कौशल्य म्हणजे मोजता येईल असं उद्दिष्ट लिहिणं. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करायचा असतो; सगळे त्याला आयईपी म्हणतात. त्याआधी मुलाला आज काय येतं ते मूल्यमापन साधनाने तपासतात. बौद्धिक अक्षमतेच्या शाखेत तुम्हाला मद्रास विकासात्मक कार्यक्रम प्रणाली, म्हणजे एमडीपीएस, भेटेल: १८ क्षेत्रं आणि एकूण ३६० बाबी. ऑटिझमसाठी भारतीय बनावटीची ४० बाबींची आयएसएए मापनश्रेणी आहे. साधन भरून झालं की आराखडा. त्यात 'रियाला पैशांचे व्यवहार येतील' असं लिहिलं तर वर्षाखेरीस कुणालाच काही सांगता येणार नाही. 'समोर १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटा ठेवल्या असता रिया सांगितलेली नोट पाचपैकी चार वेळा मदतीशिवाय उचलेल, तीन महिन्यांत' असं लिहा. मग रोजच्या नोंदी ठेवता येतात, आणि जमत नसेल तर महिनाभरातच पद्धत बदलता येते. नोटांचा सराव झाला की कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन खरंच बिस्किटाचा पुडा आणू द्या. वर्गात शिकलेलं बाहेर वापरता आलं, तरच ते आलं.

पालकांशी बोलणं

अभ्यासक्रमात याचे तास कमी, आणि कामात वाटा मोठा. 'ताई, हा बोलेल ना कधी?' हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच वर्षी कुणीतरी आई विचारेल. 'नक्की बोलेल' म्हणू नका. 'नाही सांगता येत' म्हणून विषयही संपवू नका. आज तो काय करतो ते सांगा: 'गेल्या महिन्यात पाणी हवं असलं की रडायचा, आता चित्र आणून देतो. घरी फ्रिजवर हेच चित्र लावूया का?' आशा आणि उद्याचं काम, दोन्ही त्यात असतं. वडिलांना, आजी-आजोबांनाही बैठकीला बोलवा. घरी मूल ज्यांच्याजवळ जास्त वेळ असतं त्यांना आराखडा माहीत नसेल, तर शाळेत शिकवलेलं संध्याकाळी विरून जातं.

निदान तुम्ही करायचं नाही. शंका आली तर नोंदी दाखवा आणि योग्य ठिकाणी पाठवा. नेहमीच्या शाळेत असाल तर एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं मोबाइल ॲप प्राथमिक चाचपणीसाठी आहे, तेही फक्त चाचपणीसाठीच. पालक तुम्हाला दाखल्यांबद्दलही विचारणार: दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र), ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा, अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व. पुण्यात प्रमाणपत्राची तपासणी ससून आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलतींचे अर्ज किती आधी करावे लागतात हे दर वर्षी शाळेकडून समजून घ्या आणि आठवीपासूनच पालकांच्या कानावर घाला.

मुलांच्या स्वच्छतागृहाच्या आणि कपडे बदलण्याच्या मदतीबाबत शाळेचे नियम पहिल्याच दिवशी विचारा. दार, सोबत कोण, नोंद कुठे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा नीट वाचा. स्वतःच्या शरीरावर होत असलेलं अतिक्रमण शब्दांत सांगू न शकणाऱ्या मुलांसाठी तुमचे डोळे उघडे असणं फार गरजेचं आहे. आणि आपली पाठही सांभाळा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मोठ्या मुलाला उचलण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, अंदाजाने उचलू नका.

काम कुठे मिळतं

महाराष्ट्रात या कामाची दोन सरकारी दारं आहेत, आणि नवख्यांचा गोंधळ होतो तो यातच. विशेष शाळा आणि दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या कार्यशाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात. या विभागाचं आयुक्तालय आपल्या पुण्यातच, कॅम्पातल्या चर्च रोडवर आहे. नेहमीच्या शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी नेमले जाणारे विशेष शिक्षक मात्र शालेय शिक्षण विभागाच्या समग्र शिक्षा अभियानातून येतात. तिथे तुम्हाला एकाच केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, अनेक शाळांमध्ये फिरावं लागतं, आणि वर्गशिक्षकांना सोबत घेऊन काम करण्याची हातोटी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवून दिलं, आणि २०२५ मध्ये राज्यांना पदं निर्माण करायला सांगितलं. राज्य सरकारने २०२४ मध्ये अशा शाळा-केंद्रांच्या स्तरावर ४,८६० विशेष शिक्षक पदांचा निर्णय घेतला. मागणी आहे, भरती मात्र आपल्या गतीने होते, म्हणून नुसती वाट पाहत बसू नका. शिक्षक पात्रता परीक्षा देऊन ठेवा. ती घेणारी राज्य परीक्षा परिषदही पुण्यातच आहे.

तिसरं दार खासगी. सीबीएसई शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक आहे, त्यामुळे बाणेर, वाकड, खराडी भागातल्या शाळांत जागा निघत राहतात. मुलाखतीला गेलात की विचारा: माझ्याकडे किती मुलं असतील, स्वतंत्र खोली आहे का, आराखड्याच्या बैठकीला वर्गशिक्षक येतात का, की गैरहजर शिक्षकांच्या तासिकाही मलाच दिल्या जाणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळवा. शॅडो टीचर म्हणून एकाच मुलासोबत वर्गात बसण्याचं कामही मिळतं. शिकायला चांगलं आहे, पण पगार बहुधा पालक देतात, सुट्ट्यांचं काही ठरलेलं नसतं, आणि मूल तुमच्यावर अवलंबून राहिलं तर कामाचा हेतूच फसतो. घेतलंत तर पहिल्याच महिन्यात पालकांशी ठरवा की मदत कशी आणि कधी कमी करत न्यायची.

कोर्सचा निकाल हातात आला की सर्वांत आधी पुनर्वास परिषदेकडे नोंदणीचा ऑनलाइन अर्ज करा. नोकरी लागल्यावर करू, असं ठेवू नका, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचाच असतो. गुणपत्रकांवरचं, आधार कार्डावरचं आणि अर्जातलं नाव अक्षरशः एकच आहे ना ते पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे अर्ज याच कारणाने अडकतात. राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडून द्या. नोंदणी कायमची नसते, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी परिषदमान्य सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाच्या, कार्यशाळांचे गुण लागतात. पहिल्या वर्षापासून वर्षाला एक-दोन कार्यशाळा करत राहा आणि प्रत्येक प्रमाणपत्र आलं त्याच दिवशी स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा.